दाता योग्य आढळला नाही

८ फेब्रुवारी

धाकट्या,

आशीर्वाद गृहीत धर. पत्र बघून तुला हसू येईल. फोन हाताशी आहे, तू शहराच्या दुसऱ्या टोकाला राहतोस, बसने तासाभराचा रस्ता. पण फोनवर मी बोलायला लागले की तू "हं, हं" करत राहतोस आणि शेवटी मी एकटीच बोलते. पत्रात निदान मी एकटीच बोलणार हे आधीपासून ठरलेलं असतं.

काल तू मागच्या दाराने निघून गेलास. तसंच जायचं असतं. भिंत फोडून ते दार हॉस्पिटलला मीच करायला लावलं होतं. किडनी देणाऱ्याची मुलाखत संपली की त्याने घरच्यांसमोरून जायचं नाही, कारण घरची माणसं चेहरा वाचतात. त्यामुळे तुझा चेहरा मला दिसला नाही. आम्ही दोघी, मी आणि भिंगरी, पुढच्या बाकावर बसून होतो. समुपदेशक बाहेर आली. ती माझी जुनी विद्यार्थिनी, तुला ठाऊक आहे. तिने माझ्याकडे बघायचं टाळलं आणि भिंगरीला सांगितलं, "तपासणीत दाता योग्य आढळला नाही."

भिंगरी म्हणाली, "बरं."

एवढंच. ही बस भरली, पुढची घ्या, असं कुणी सांगितल्यासारखं. मी तिच्या जागी असते तर भिंतीवर डोकं आपटलं असतं. पण ती लहानपणापासून तशीच आहे, भलत्या वेळी शांत.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू आपणहून पुढे आलास, ते कुणी विसरलेलं नाही. माझी साखर अशी नसती तर मीच दिली असती, तुझ्यावर वेळच आली नसती, आणि तिचा बाप तर कधीचाच गेला. राहिलास तू. रक्त जुळलं तेव्हा आमच्या टेबलावर जेवताना तू म्हणालास, "दोन आहेत की मला. एक स्टेपनीच आहे, घ्या." त्यावर भिंगरी म्हणाली, "मामा, स्टेपनी वाटून टाकणाऱ्या ड्रायव्हरला मी डेपोतून हाकलून दिलं असतं." सगळे हसलो. तुझी बायको हसली नाही. तेही माझ्या लक्षात आहे.

तुझ्या तपासणीत काही निघालं असेल तर औषधपाणी वेळेवर कर. काय निघालं ते मी विचारत नाही. विचारायचं नसतं.

ताई


२१ फेब्रुवारी

धाकट्या,

उत्तर नाही, फोन नाही, आणि रविवारी येतोस तसा आलाही नाहीस. भिंगरीला विचारलं तर म्हणते, "कामात असेल, एखादी लिफ्ट अडकली असेल." तुझी बाजू ती फार घेते हल्ली.

ती बरी आहे. म्हणजे आठवड्यातून तीनदा मशीनला बांधून घेते आणि उरलेल्या दिवसांत त्यातून सावरते. पाणी मापाने. घसा सुकला की बर्फाचा खडा चघळायचा. बस चालवणं सुटलं, तरी डेपोची टोपी खिडकीत लटकते आहे. डायलिसिससाठी हातात जी शीर जोडून दिली आहे ना, तिच्यावर बोट ठेवलं की थरथर जाणवते. सकाळी माझा तळहात ओढून त्यावर ठेवते आणि म्हणते, "बघ, इंजिन चालू आहे." मग माझा दिवस सुरू होतो.

आज मी तुला माझ्या कामाबद्दल लिहिणार आहे. आठवतं, तू आमच्या हॉस्पिटलची लिफ्ट दुरुस्त करायला आला होतास आणि कँटीनमध्ये चहा पिताना विचारलंस, "ताई, तू नक्की करतेस काय? डॉक्टर नाहीस, नर्स नाहीस, वकील नाहीस." मी म्हटलं, योग्य काय हे ठरवायचं कसं, ते मी होणाऱ्या डॉक्टरांना शिकवते. तुला सोपं करून सांगितलं होतं. चार तत्त्वं असतात. माणसाची मर्जी राखा, त्याचं भलं करा, त्याला इजा करू नका, आणि सगळ्यांना न्याय द्या. आता हे चारही एकमेकांशी भांडतात. मग काय करायचं? कधी वरून खाली यायचं, तत्त्वाकडून समोरच्या माणसाकडे. कधी खालून वर जायचं, समोरचा माणूस आधीच्या कुठल्या केससारखा आहे ते ताडून बघायचं आणि त्यावरून तत्त्वच जरा दुरुस्त करायचं. दोन्ही जुळेपर्यंत वरखाली करत राहायचं. तू कप खाली ठेवून म्हणालास, "म्हणजे लिफ्टच की." मी हे वाक्य वर्गात कितीदा वापरलंय. तुझं नाव न सांगता.

आता मुद्द्याचं. पूर्वी आमच्याकडे अशी पद्धत होती की दाता शरीराने नालायक ठरला तर डॉक्टर घरच्यांना कारण सांगायचे. रक्तदाब आहे, खडा आहे, असं काहीतरी. आणि दाता मनाने तयार नसला, मुलाखतीत हळूच "मला नाही द्यायची" म्हणाला, तर त्याला वाचवायला नुसतं "योग्य नाही" म्हणायचे. हेतू चांगला, अक्कल कमी. लोक काय दूधखुळे आहेत? कारण सांगितलं नाही म्हणजे हाच नाही म्हणाला, हे घरच्यांना दोन मिनिटांत कळायचं. एका माणसाचं असं झालं. मोठ्या भावासाठी घरच्यांनी त्याला पुढे केलं होतं. तो आत रडला, नको म्हणाला, आम्ही बाहेर "योग्य नाही" म्हणालो. आठवड्याभरात त्याच्या आईने त्याचं सामान जिन्यात आणून ठेवलं. तो मला येऊन भेटला होता. भांडायला आला नव्हता. "तुम्ही वेगळं काही बोलला असतात तर बरं झालं असतं," एवढंच म्हणाला आणि गाव सोडून गेला.

तेव्हा समितीत मी हा नियम मांडला. कारण कुणाचंच सांगायचं नाही. ज्याचं मूत्रपिंड बिघडलंय त्याचंही नाही, ज्याचं मन तयार नाही त्याचंही नाही. सगळ्यांना एकच वाक्य. एका माणसाचा नकार लपवायचा असेल तर सगळ्यांना तेच कपडे घालावे लागतात. सर्जन चिडला होता, म्हणाला, खरं कारण सांगायला काय हरकत आहे? मी त्याला तासभर पिदडला. तुला माहीत आहे मी कशी आहे. बाबा मला उगाच वकिलीणबाई म्हणायचे नाहीत. भांडी घासायची पाळी तुझीच कशी आहे, हे मी तुला सिद्ध करून दाखवायचे आणि तू मान डोलवत घासायचास. भिंगरीलाही असंच पटवून औषधशास्त्राच्या वर्गात बसवलं होतं, दोन वर्षं गेली पोरीची. सर्जन शेवटी म्हणाला, "तुमचं वाक्य घ्या आणि मला सोडा." ते वाक्य माझं आहे, धाकट्या. शब्दन् शब्द माझा. त्या दिवशी बाकावर मी तेच ऐकलं.

मी तुला काही विचारत नाहीये. ही फक्त माझ्या कामाची हकिकत.

ताई


१६ मार्च

तुला काय म्हणून हाक मारावी ते सुचत नाही, म्हणून मायना सोडला आहे.

काल मी तुझ्या कामाच्या जागी आले, तुझ्या माणसांसमोर आवाज चढवला, त्याबद्दल माफी मागायला हे पत्र नाही. तू लिफ्टच्या खड्ड्यातून वर आलास, चिंधीला हात पुसत. कपाळाला ग्रीस लागलं होतं. लहान असताना शाईने माखून यायचास तसा दिसत होतास. क्षणभर मला परत जावंसं वाटलं. पण भिंगरीच्या हातातली शीर आठवड्यापूर्वी बंद पडली आहे. इंजिन थांबलं. आता मानेतून नळी घातली आहे, आणि डॉक्टर म्हणतात, शिरा काही नव्या फुटत नाहीत, एकेक जागा संपत जाते. हे तुला सांगायला आले होते. पण तोंडातून दुसरंच बाहेर पडलं.

तुझ्यासमोर जे ओरडून सांगितलं तेच शांतपणे लिहिते. तुझ्यात खरोखर काही बिघाड निघाला असता, तर तू दुसऱ्याच दिवशी फोन केला असतास. "ताई, माझंच इंजिन खराब निघालं" म्हणाला असतास. तू पोटात काही ठेवणारा माणूस नाहीस. तू गप्प बसलास, यायचा बंद झालास. ज्याच्याजवळ खरं कारण असतं तो मूग गिळून कशाला बसेल? म्हणजे कारण नाही. म्हणजे तू नाही म्हणालास. यात कुठे फट असेल तर दाखव.

आणि तू काय केलंस? चिंधी घडी करून खिशात ठेवलीस आणि म्हणालास, "तुझं समाधान होत असेल तर तसंच समज, ताई."

तसंच समजले.

मला ठाऊक आहे की तुला नाही म्हणायचा हक्क होता. आयुष्यभर मी तेच शिकवलं. गेल्या आठवड्यात एका विद्यार्थिनीने विचारलंच, "मॅडम, नियम करणाऱ्याच्या घरी तीच वेळ आली तर?" मी फळ्याकडे वळून सांगितलं, "नियम चांगला की वाईट हे तेव्हाच कळतं. आपल्याला झळ बसली तरी जो टिकतो तो नियम. नाहीतर आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं." पोरांनी वहीत उतरवून घेतलं. मी तिथून उठून सरळ समुपदेशकाच्या खोलीत गेले आणि तुझी फाईल मागितली. हो, मागितली. त्या खोलीत दोन खुर्च्या आणि एक कुंडी आहे, तीही मीच ठेवायला लावली, माणसाला बघायला काहीतरी हिरवं हवं म्हणून. ती पोरगी उभी राहिली. म्हणाली, "मॅडम, मी दिली तर उद्या तुम्हीच मला काढून टाकाल." मी म्हटलं, "आज फाईल मागतंय कोण, तुझी मॅडम की भिंगरीची आई?" ती म्हणाली, "दोघींनाही नाहीच देणार." माझ्या शिकवण्याचं चीज झालं म्हणायचं.

ज्याचं जळतं त्याला कळतं. तुला हक्क होता. पण हक्क असणं वेगळं आणि मामा असणं वेगळं. ती तुझ्या खांद्यावर बसून मोठी झाली. पहिल्यांदा बस चालवली तेव्हा तिने पुढच्या सीटवर मला नाही बसवलं, तुला बसवलं.

आता येऊ नकोस. ती विचारेल तर सांगेन, लिफ्ट अडकली आहे.


३ एप्रिल

धाकट्या,

हे पत्र फाडू नकोस. आधीचं फाडलं असशील तर बरंच केलंस.

भिंगरीला ताप भरला, नळीच्या जागी जंतू शिरले, म्हणून वॉर्डात ठेवली आहे. काल तुझी बायको तिला भेटून गेली, मी औषधं आणायला खाली गेले होते तेव्हा. परत आले तर भिंगरी उशीला टेकून बसलेली, आणि डोळे असे की मला वाटलं ताप चढला.

"तू मामाच्या साइटवर जाऊन तमाशा केलास?" तिने विचारलं.

"कुणी सांगितलं?"

"मामीने. मामा कशाला सांगतोय? त्याने तिलाही सांगितलं नव्हतं, त्याच्या कामावरच्या माणसांनी सांगितलं." मग म्हणाली, "आई, बस."

मी बसले. खुर्ची भिंतीकडे होती, ती ओढून घेतली. हे सगळं मी का लिहितेय? पुढचं लिहायला हात धजत नाही म्हणून.

"मामा नाही म्हणाला नाही," भिंगरी म्हणाली. "मी म्हणाले."

मला कळलंच नाही. खरं सांगते. मी म्हटलं, "तू कशी म्हणशील? मुलाखत दात्याची असते."

"माझीही घेतली होती तिने. आदल्या दिवशी. तू म्हणालीस ना की घेणाऱ्यालाही एकदा विचारून घ्यायला हवं, फॉर्ममध्ये ओळ असावी? ती ओळ तूच घातलेली आहेस, आई. तू फक्त धरून चाललीस की तिथे सगळे हो म्हणतात."

धाकट्या, हे खरं आहे. ती ओळ मी घातली होती, नीटनेटकं दिसावं म्हणून. जो मरतो आहे तो नाही म्हणेल, हे माझ्या मनात कधी आलंच नाही. इतकी वर्षं मी दात्याला वाचवायला भिंती बांधत बसले. वाक्य असं केलं की त्याच्या आड दाता लपू शकतो, डॉक्टर लपू शकतो. तिसरंही कुणी लपू शकतं हे मला दिसलं नाही, आणि ते तिसरं माणूस माझ्या घरात, माझ्या समोर बसून बर्फ चघळत होतं. "बरं" म्हणालं होतं.

मी विचारलं, का?

ती म्हणाली, "मामा शाफ्टमध्ये दोरीवर लटकून काम करतो. मामी त्या दिवसापासून माझ्याशी नीट बोललेली नाही, आणि मला तिचा राग येत नाही. त्याची पोरं अजून शाळेत जातात. मला नको ते. मी यादीत आहे, अनोळखी माणसाची येईल तेव्हा येईल. माझं हे ठरलंय. मामाला मी आदल्या रात्री फोन केला. तो रडला. मग म्हणाला, ठीक आहे, ताईला मी काही बोलणार नाही."

"मला का नाही सांगितलंस?" मी म्हटलं. "मी काय तुला खाल्लं असतं?"

भिंगरीने पाठीमागची उशी सरळ केली. शेजारच्या खाटेवरच्या बाईचं मशीन टिकटिक करत होतं. मग ती म्हणाली, "तू वाद घातला असतास. आणि मला पटलं असतं. तुझं सगळं पटतं, आई, हाच तर घोळ आहे. तू बोलत असतेस तोपर्यंत सगळं बरोबर असतं. दोन दिवसांनी कळतं की मला ते नको होतं. औषधशास्त्राच्या वेळी दोन वर्षांनी कळलं."

मी तिथे बसून राहिले. नर्स आली, सलाईन बदलून गेली. मर्जी राखा, पहिलं तत्त्व, फळ्यावर सगळ्यात वर लिहिते मी. आणि माझ्या पोरीला तिची मर्जी लपवून ठेवायला जागा लागली ती माझ्यापासून. नियम चालला, धाकट्या. जसा चालायला हवा होता तसाच चालला.

आणि तू. तू चिंधीला हात पुसलेस आणि "तसंच समज" म्हणालास. तू खोटंही बोलला नाहीस. मी शब्दांचं दुकान चालवते, तरी मला त्यात फट दिसली नाही. गप्प बसणाऱ्याकडे खरं कारण नसतं, हे मी तुला सिद्ध करून दाखवलं. ज्याचं सामान जिन्यात आलं त्या माणसाच्या आईनेही हेच सिद्ध केलं होतं, आणि तेच कुणाला करता येऊ नये म्हणून तर तो नियम होता.

माझं चुकलं. तुझ्यावर फार मोठा अन्याय केला. हे मी आडवळणाने लिहीत नाही.

ताई


११ एप्रिल

धाकट्या,

तू आलास, बाहेर बाकावर माझ्याशेजारी बसलास, काही बोलला नाहीस, आणि जाताना माझ्या पाठीवर हात ठेवलास. एवढ्यावर थांबायला हवं होतं मी.

थांबले नाही. तुला खोटं लिहिणार नाही. ताप उतरला आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की मानेतली जागाही आता फार दिवस चालणार नाही, आणि यादी हलत नाहीये. मी खोलीत परत गेले आणि वाद घातला.

चांगला घातला. इतका चांगला मी कधी घातला नसेल. तिला म्हटलं, मामाची मर्जी आहे, ती तू मोडते आहेस, म्हणजे मर्जीचं तत्त्व तुझ्याच विरुद्ध जातं. म्हटलं, एका किडनीवर लोक म्हातारे होतात, त्याला होणारी इजा थोडी आहे, तुझं भलं मोठं आहे, तागडीत घालून बघ. म्हटलं, तू मामीचा विचार करतेस, मग तू गेल्यावर मामा रोज आरशात काय बघेल त्याचाही कर. म्हटलं, दोरीवर लटकणारा माणूस दोन किडन्या असल्या तरी पडू शकतो. ती मध्येच म्हणाली, "मामा म्हणतो लिफ्ट पडत नसते, माणसं घाबरतात." मी म्हटलं, "तेच तर, तूही घाबरते आहेस." बघ कशी पकडली.

मग मी रडले. ते वादात बसत नाही, पण केलं.

ती फार थकली होती. उशीवर मान टाकून म्हणाली, "हो. ठीक आहे. मामाला विचार." पटलं म्हणून म्हणाली की मला गप्प करायला म्हणाली, ते मी बघितलं नाही. बघायचंच नव्हतं मला.

मी जिंकले आहे. आणि आता तुला विचारते आहे, लाज बाजूला ठेवून. अजून देशील का? बायकोशी बोल. खरंच बोल, नुसतं सांगू नकोस. तुला नको असेल तर मुलाखतीत तसं म्हण, मागचं दार आहेच. मी तुझ्या कामाच्या जागी येणार नाही. बाकावरच बसून राहीन.

मला माझी लेक हवी आहे, धाकट्या. तत्त्वांत बसवून नको, कशीही हवी आहे.

ताई


२७ एप्रिल

धाकट्या,

काल तू मागच्या दाराने गेलास, म्हणून बाहेर काय झालं ते तुला माहीत नाही. ते लिहिते.

तुझी मुलाखत झाल्यावर भिंगरीला आत नेलं. तिला चाकाच्या खुर्चीवरून नेलं, म्हणून तिथली एक खुर्ची बाहेर आणून ठेवली होती. मी त्या खुर्चीवर बसले. दाराला कान लावायचा मोह झाला असेल असं तुला वाटेल. नाही झाला. दार जाड करून घेतलं आहे, माझ्याच सांगण्यावरून.

फार वेळ लागला नाही. समुपदेशक बाहेर आली. या वेळी तिने माझ्याकडे बघितलं. चष्मा काढून पुसला, परत लावला आणि म्हणाली, "तपासणीत दाता योग्य आढळला नाही."

मागून भिंगरीची खुर्ची आली. ती मान खाली घालून बसली होती. नखं बघत होती. औषधशास्त्र सोडते म्हणून सांगायला आली होती तेव्हा अशीच उभी होती, आणि मी तिला परत पाठवलं होतं.

माझं तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. सगळं तयार होतं माझ्याजवळ, पहिल्यापासून शेवटपर्यंत. ते 'नाही' कुणाचं होतं? तुझं असेल, तू बायकोशी खरंच बोलला असशील. डॉक्टरांचं असेल, इतक्या तापानंतर ऑपरेशन झेपणार नाही असं ठरलं असेल. तिचं असेल. मी एक प्रश्न विचारला असता, तिच्या चेहऱ्यावरून नजर हलू दिली नसती, तर मला कळलं असतं. आणि तिचं असतं तर मी ते फिरवलंही असतं. मला येतं ते.

मी म्हटलं, "बरं."

भिंगरीने वर बघितलं. किती तरी वेळ माझ्याकडे बघत राहिली, पुढचं वाक्य कधी येतंय याची वाट बघितल्यासारखी. ते आलं नाही. मग तिने हात पुढे केला. त्यात आता इंजिन चालत नाही. मी तरी त्यावर तळहात ठेवला. घसा सुकलाय म्हणाली. मी बर्फ आणायला गेले, आणि बर्फाच्या पेटीपाशी उभी राहून एवढी रडले की तिथल्या माणसाने मला स्टूल दिलं.

आज तिला घरी आणलं. यादीत नाव आहे. डॉक्टर तारीख सांगत नाहीत आणि मी विचारत नाही. कॉलेजला रजा टाकली आहे. सकाळी तिने डेपोची टोपी मागितली आणि घालून बसली आहे, झोपेतही काढत नाही.

रविवारी ये. बायकोला आणि पोरांना घेऊन ये. तुझ्या लिफ्टच्या गोष्टी सांग तिला, अडकलेल्या सर्जनची सांग, ती अजून हसते त्याला. मी तुला काही विचारणार नाही, या रविवारी नाही, आणि ती नसेल तेव्हाच्या रविवारीही नाही. तुझा चेहराही वाचणार नाही.

पुढच्या दाराने ये.

ताई